टाळूवरच्या वळ्या

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. कवळीवाल्याचं मात्र उभं आयुष्य दातांवरच भरत आलं होतं. माणसं त्याच्याकडे येत नसत. दवाखान्यांतून यायची ती फक्त त्यांच्या जबड्यांची मापं, डब्यातून. डब्यावर नाव नसे, नुसतं बाई की पुरुष आणि वय. तो त्या मापांत प्लास्टर ओतायचा. सुकलेला ठसा हातात घेतला की मालकाचा स्वभावसुद्धा कळतो, अशी त्याची बढाई होती.

त्या दुपारी लांबच्या शहरातल्या दवाखान्याचं माप आलं. ठसा सुटला तसा तो हसला. वरचे पुढचे चार दात गेलेले, उरलेल्यांच्या मुळांवरून हिरड्या मागे सरकलेल्या. चांगली सत्तरीची म्हातारी, आणि डब्यावर वय काय, तर बत्तीस! त्याने म्हाताऱ्यांना शोभतील असे पिवळसर दात काढले आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"बाई, आकडा चुकलाय. ही कोणाची तरी आजी आहे."

"नाही हो काका, बत्तीसच. दिवसाला दोन पाकिटं सिगारेट. चेहराही तसाच सुरकुतलाय."

"एवढ्यात?"

"धुरासोबत फ्री रॅडिकल्स आत जातात ना. जोडीदार नसलेले कण. शेजारच्याचं ओरबाडून स्वतःची जोडी लावतात, मग तो लुटलेला पुढच्याला लुटतो. कातडी धरून ठेवणारे धागे तुटतात, हिरड्या सैल होतात. त्यात सिगारेटवाल्यांच्या हिरडीतून रक्तही फारसं येत नाही, त्यामुळे आत काय चाललंय ते कळतच नाही."

फोन ठेवून त्याने सवयीने ठशाच्या टाळूवरून अंगठा फिरवला, बुडबुडे राहिलेत का पाहायला. अंगठा थांबला. टाळूवर वळ्या असतात. ज्याच्या त्याच्या वेगळ्या, आणि दात गेले तरी त्या तशाच राहतात. इथली तिसरी वळी मध्येच फाटून दोन झाली होती. ती त्याच्या अंगठ्याला पाठ होती.

फळीवर त्याच्या मुलीचा ठसा होता. शाळेत असताना तिचा वाकडा दात सरळ करायचा म्हणून घेतलेला. "राहू दे, माझा दात आहे तो," म्हणून तिने मोडता घातला होता. त्याने दोन्ही ठसे शेजारी ठेवले. वळीला वळी जुळली. बाकीचं तोंड म्हातारं होऊन परत आलं होतं. लेक टेबलावर जबडा उघडून काहीतरी सांगतेय आणि आपल्याला ऐकू येत नाही, असं वाटत राहिलं.

लेक त्याच लांबच्या शहरात राहायची. वर्षभर ती फोनवर कॅमेरा बंद ठेवायची. बिघडलाय म्हणायची. अलीकडे तिच्या बोलण्यातून हवा सुटायची, आणि हा लाइनला शिव्या घालायचा.

संध्याकाळी तिचा फोन आला, पडदा काळाच. "बाबा, जेवलात?"

विचारलं तर हा आवाजही बंद होईल, म्हणून त्याने प्रश्न गिळला.

"जेवलो," तो म्हणाला. "तू?"

मग त्याने पिवळे दात बाजूला सारून पांढरे घेतले. दवाखान्याला सरळ रांग हवी होती. त्याने डावीकडचा दुसरा दात शेजारच्यावर किंचित चढवला, जुन्या ठशात होता तसा, आणि डबा पाठवून दिला.

त्यानंतर तिचा फोनच येईना. आपण हात दाखवून अवलक्षण केलं, असं म्हणत तो कपाळ बडवत बसला. शेवटी एका सकाळी फोन वाजला. पडदा बराच वेळ काळा होता, नुसता श्वास ऐकू येत होता. मग उजेड झाला.

समोर त्याची वारलेली आई होती. तेच ओघळलेले गाल, ओठांभोवती त्याच चुण्या. तो खुर्चीसकट मागे सरकला. मग आईने तोंड उघडलं आणि आत त्याने बसवलेला वाकडा दात दिसला.

"बाबा, ओळखलंत मला?"

त्याला खोटं बोलवेना.

"दात ओळखला," तो म्हणाला. "घरी ये, म्हणजे तुलाही ओळखेन."