पाच इंच

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आर्वो निएमीचा फोन आला. चाकाच्या खुर्चीसाठी त्याच्या दारात बांधलेल्या लाकडी उताराचं खालचं टोक रात्रीत हवेत आलं होतं.

"तुझ्या त्या पोरीला सांग," तो म्हणाला, "घाट झकास बांधलाय, फक्त दरीच्या काठाशी येऊन संपतो."

कार्ला लिंडालने गाडी शाळेऐवजी तिकडे वळवली. दुपारी एक वाजता याच उताराचं काम शाळेत परीक्षकांपुढे मांडायचं होतं. तो बांधणाऱ्या तिच्या विद्यार्थिनीला, यादिरा कांतूला, जूनमध्ये शाळा संपवायची होती, आणि गणिताचे उरलेले सगळे गुण या एका कामातून मिळायचे होते. दुसरं काम उभं करायला आता एप्रिलच्या शेवटी वेळ नव्हता.

अमेरिकेच्या उत्तरेतल्या लार्च बे गावची ही चार्टर शाळा चालते सरकारशी केलेल्या करारावर, सरकारी पैशावर, पण तिथे तासांची घंटा नाही. मुलं एकेक प्रश्न घेतात आणि महिनोन्‌महिने त्याच्या मागे लागतात. यादिराचा प्रश्न एका ओळीचा होता: पाय गेलेला माणूस स्वतःच्या घराबाहेर कसा पडेल? शिक्षकाने वाटेत विचारत राहायचं, उत्तर सांगायचं नाही. नव्या शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात बजावतात, हात खिशात ठेवा. अकरा वर्षांत कार्लाच्या सगळ्या कोटांचे खिसे ओघळले होते.

यादिरा तिच्या आधी पोचली होती. चिखलात गुडघे टेकून ती टेपने मोजत होती. वर ओसरीत आर्वो चाकाच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर घोंगडी, हातात कॉफी. चाळीस वर्षं त्याने खनिजाच्या आगगाड्या खाणीपासून बंदरापर्यंत नेल्या होत्या. गेल्या शरदात साखरेच्या आजाराने त्याचा डावा पाय नेला.

"किती?" कार्लाने विचारलं.

"पाच इंच."

"कशामुळे?"

यादिरा वाटेवर वाकली. तिने बोटाने तिथली काळी खडी उकरली. भिंतीच्या सावलीत राखाडी बर्फाची एक लादी अजून शिल्लक होती, कडेने वितळून पातळ झालेली. ती उठली, तिने लादीची जाडी मोजली आणि टेप मिटला.

"मी याच्यावरून मोजलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, हीच जमीन."

टेक्सासच्या दक्षिण टोकाहून ती गेल्या ऑगस्टमध्ये इथे आली होती. वडिलांना बंदरावर वेल्डिंगचं काम मिळालं म्हणून. बर्फ तिने नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा पाहिला. गाड्यांच्या चाकांखाली दबून, खडी मिसळून दगडासारखा झालेला बर्फ जमिनीहून वेगळा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. इथल्या माणसांना ते सांगायची गोष्ट वाटतच नाही.

"डॉन आर्वो, माफ करा," ती वर बघत म्हणाली.

"पुन्हा डॉन! अगं, शेजारच्यांना वाटेल मी दारू चोरून आणतो."

"आमच्याकडे वडीलधाऱ्यांना म्हणतात."

"मग तुझा हा डॉन दुपारी शाळेत येत नाही, हे तिथे कळव. उडी मारायला पाय दोन लागतात."

यादिरा हसली नाही. कार्ला उताराच्या कठड्याला धरून उभी होती. तिला चौदा नोव्हेंबरची दुपार आठवत होती. याच जागी तिने बुटाची टाच आपटली होती आणि आवाज खडीचा आला नव्हता. तिने विचारलं होतं, "नेमकं कुठून मोजलंस?" यादिरा म्हणाली होती, "जमिनीपासून." चोवीस इंच उंची, म्हणून चोवीस फूट लांबी. नियम पक्का होता, गुणाकार बरोबर होता. कार्लाने हात खिशात घातले. पोरीला आपसूक कळेल. नाही कळलं तर पुन्हा विचारू. मग एकोणीस डिसेंबरला आर्वो रुग्णालयातून घरी येणार असं ठरलं, लाकूड आलं, उतार झाला, आर्वो त्यावरून स्वतः खुर्ची ढकलत वर गेला. फेब्रुवारीत शाळेच्या पत्रकावर त्या उताराचा फोटो छापून आला.

"दुपारी काय दाखवशील?" कार्लाने विचारलं.

"हेच," यादिरा म्हणाली, आणि बर्फाची लादी फावड्याने उचलून तिने बादलीत टाकली.

एक वाजता शाळेत बादली टेबलावर होती. लादीचं निम्मं पाणी झालं होतं. परीक्षक तिघं: गावचा एक सुतार, शाळेच्या कराराची पाच वर्षांची मुदत वाढवायची की नाही हे पाहायला राजधानीहून आलेल्या हेलन प्रॅट, आणि मार्गदर्शक म्हणून स्वतः कार्ला.

यादिराने भिंतीवर सगळे आराखडे क्रमाने लावले होते, चुकीचा पहिलाही. तिने आपली नोंदवही उघडली. शिक्षकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न तारखेसह लिहून ठेवायची त्या शाळेत शिस्त आहे.

"चौदा नोव्हेंबर," तिने वाचलं. "कार्ला विचारते, नेमकं कुठून मोजलंस. मी सांगितलं, जमिनीपासून. मी प्रश्न लिहून घेतला, पण तो का विचारलाय ते मला कळलं नाही. चूक माझी आहे."

हेलन प्रॅटनी चष्मा काढला. त्या कार्लाकडे वळल्या.

"तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"विचारलं," कार्ला म्हणाली. "एकदा."

हेलन प्रॅटनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. सुताराने खाकरून यादिराला विचारलं, "आता उतार किती लांब हवा, बाळा?"

"एकोणतीस फूट. एक इंच उंचीला एक फूट."

"पाच फूट जोड लागेल. लाकूड मी देतो, करवत तू चालव."

गुण मिळायला कागदावर तिन्ही परीक्षकांच्या सह्या लागत. सुताराने सही केली. हेलन प्रॅटनीही केली, खाली एक अट लिहून: पुढच्या शुक्रवारपर्यंत उतार पुरा व्हावा. तिसरी सही मार्गदर्शकाची. तिच्या जागेच्या वर छापील ओळ होती: या कामात मी विद्यार्थ्याला कोणतंही उत्तर सांगितलेलं नाही. कार्लाने ती ओळ अकरा वर्षांत शंभरदा तरी न वाचता सही केली असेल. या वेळी वाचली, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

सोमवारी दुपारी ऊन होतं. आर्वोच्या वाटेवरची खडी वरून कोरडी पडली होती. शेवटच्या दोन खांबांसाठी यादिराने जागा आखली होती आणि ती टेप लावून उंची घेत होती.

"एकोणतीस," तिने वर ओरडून सांगितलं.

"या वेळी जमीनच आहे ना?" आर्वो म्हणाला. "की ध्रुवावरचं अस्वल झोपलंय खाली?"

"जमीन आहे. खणून बघितलं."

"किती खणलंस?"

"एक वीत."

आर्वोने कॉफीचा घोट घेतला आणि कार्लाकडे पाहिलं. कार्ला खांबाच्या खुणेशी आली. तिने टाच आपटली. आवाज भरीव होता, फार भरीव. एका वितीखाली माती अजून गोठलेली होती. अशी जमीन फुगून वर आलेली असते. मेच्या मध्यावर आतला गोठलेला थर वितळला की ती बसते आणि वरचं सगळं घेऊन बसते. इथली पोरं हे चालायला लागल्यापासून जाणतात.

तिने हात खिशात घातले. बोटांना घडी केलेला कागद लागला.

"काय दिसतंय तुला या खड्ड्यात?" तिने विचारलं.

यादिरा उभी राहिली. तिच्या कपाळावर चिखल लागला होता. तिने कानावरची पेन्सिल काढली, नोंदवही उघडली, तारीख लिहिली आणि थांबली.

"आज विचारू नका," ती म्हणाली. "सांगा."

ओसरीत आर्वोने कप खाली ठेवला.

"खाली अजून गोठलंय," कार्ला म्हणाली. "आज मोजशील ते मेमध्ये खरं राहणार नाही. चार फूट खण, गोठलेला थर संपतो तिथे खांबाचा पाय टेकव. इथे घरंही तशीच बांधतात."

यादिराने ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले, खाली कार्लाचं नाव घातलं आणि कुदळ उचलली. कार्लाने कोट काढून कठड्यावर टाकला आणि दुसरी कुदळ घेतली.

बुधवारी दुपारी दोन वाजता आर्वो निएमी खुर्ची ढकलत उतारावरून रस्त्यापर्यंत गेला आणि परत आला. शुक्रवारी शाळा सुटेपर्यंत कागदावर दोनच सह्या होत्या; छापील ओळीखालची कार्लाची जागा कोरी होती.