डबा कोणाचा?

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे आणि मला एका माणसाचा राग आहे. त्या माणसाचं नाव अंकुर. तो वाईट माणूस नाही. हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे मध्येच तुम्ही त्याची बाजू घ्यायला नको.

मी भंडाऱ्याला तयार झालो. तिथून अकोल्याच्या एका भांड्यांच्या दुकानात आलो. पातूरचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी भांडी घ्यायला आले होते. त्यांनी मला उचललं, ठोकून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाले, "याच्यावर पोरीचं नाव टाका." दुकानदाराने छिन्नी घेतली आणि माझ्या झाकणावर टिंबाटिंबांनी नाव कोरलं. जमुना. तेव्हा खूप दुखलं. पण नाव मिळालं की भांडं कोणाचं तरी होतं. बाकी भांडी नुसती भांडी असतात.

जमुनाबरोबर मी वरूडजवळच्या एका गावात आलो. तिचा नवरा चंद्रभान. त्यांची संत्र्यांची बाग होती. मी रोज बागेत जायचो. माझ्यात भाकरी, ठेचा, कधी बेसनाच्या पातोडीची भाजी असायची. गावाला जायचं असलं की दशम्या. दुधात मळलेल्या त्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात.

जमुनाची एक पद्धत होती. घरचं अन्न वेशीबाहेर न्यायचं असलं की ती वरच्या दशमीवर एक लोखंडी खिळा ठेवायची. अन्नाला नजर लागू नये म्हणून. शेजारच्या बाया कोळसा ठेवायच्या. जमुना म्हणायची, "कोळशानं दशमी काळी होते व. खिळ्याचं काई नाई, पुसला की झालं." खिळा ती संत्र्याच्या जुन्या खोक्यातून उपटून घ्यायची. बागेत खोकी भरपूर, खिळेही भरपूर.

त्यांना एक मुलगा झाला. तोच हा अंकुर. तो शिकायला अमरावतीला गेला. तिथल्या खानावळीचं जेवण त्याच्या घशाखाली उतरेना. मग जमुना मला पहाटे भरायची आणि चंद्रभान मला वरूडच्या स्टँडवर अमरावतीच्या एसटीत द्यायचा. कंडक्टरचं नाव डोमाजी. तो मला आपल्या सीटखाली ठेवायचा. अमरावतीला गाडी थांबली की तो मला दारातून वर धरायचा आणि ओरडायचा, "डबा कोनाचा हाय रे?"

गर्दीतून एक काटकुळा मुलगा हात वर करून धावत यायचा. "माहा हाय! माहा हाय! जमुनाचा डबा माहा हाय!"

डोमाजी मुद्दाम मला आणखी वर धरायचा. "काहून रे पोट्ट्या, जमुना कोन तुही?"

"माय हाय माही! द्या ना काका, भूक लागली!"

सगळा स्टँड हसायचा. तो मुलगा तिथेच बाकावर बसून मला उघडायचा. खिळा खिशात टाकायचा आणि दशमी तोंडात. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ तो. हे लक्षात ठेवा. पुढे काय झालं ते ऐकताना तो आवाज तुमच्या कानात असू द्या.

अंकुर शिकला. अकोल्याला एका बियाणे कंपनीत साहेब झाला. आकांक्षा नावाच्या चांगल्या मुलीशी त्याचं लग्न झालं. मग त्याने आईबापाला गोव्याला समुद्र दाखवायचं ठरवलं. नागपूरहून विमानाने. आकांक्षा फोनवर म्हणाली, "आई, विमानात खायचं फार महाग असतं आणि थंडगार असतं. आपण घरूनच नेऊ."

जमुनाला एवढंच हवं होतं. तिने दशम्या केल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, शेंगदाण्याचे लाडू वळले, कोरडा ठेचा केला. मला चिंचेने घासलं. सगळं भरलं आणि वरच्या दशमीवर खिळा ठेवला. पोरगा आभाळातून जाणार, म्हणून त्या दिवशी दोन ठेवले.

विमानतळावर सामान एका यंत्रातून जातं. माझं अंग जाड पितळेचं. त्या यंत्राला माझ्या पोटातलं दिसेना. तिथल्या जवानाने मला बाजूला काढलं. जमुना बायकांच्या तपासणीच्या पडद्याआड होती, आकांक्षा तिच्या मागे रांगेत. चंद्रभान लांब उभा राहून पट्टा सोडत होता. पलीकडे एकटा अंकुर होता आणि त्याच्या मागे त्याच्या कंपनीचे मोठे साहेब, धर्मेंद्र. ते त्याच विमानाने निघाले होते.

जवानाने मला वर धरलं. अगदी डोमाजी धरायचा तसंच. "ये डिब्बा किसका है?"

मला वाटलं, आता तो हात वर करील.

जवानाने झाकण काढलं. दोन गंजके खिळे निघाले. लोक बघायला लागले. मोठे साहेब हसून म्हणाले, "अरे भाई, ये खाना है या सुतार की पेटी?"

जवानाने झाकण वाचलं. "जमुना लिखा है. जमुना कौन है? आपके साथ है?"

अंकुर साहेबांकडे बघून हसला आणि म्हणाला, "नहीं नहीं. हमारा नहीं है."

तेवढ्यात जमुना पडद्यातून बाहेर आली होती. तिने ते ऐकलं. ती पुढे आली आणि म्हणाली, "माहा हाय तो डबा. मीच जमुना." जवानाने खिळे काढून घेतले आणि मला तिच्या हातात दिलं. तिने अंकुरकडे बघितलंसुद्धा नाही. विमानात तिने मला मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. आकांक्षा म्हणाली, "आई, काढा ना दशम्या, भूक लागली." जमुना म्हणाली, "राहू दे माय. खराब झाल्या वाटते." झाल्या नव्हत्या. मला माहीत होतं. त्या तशाच गोव्याला गेल्या, तशाच परत आल्या आणि शेवटी गाईच्या पुढे पडल्या.

त्या दिवसापासून मी राग धरला.

पुढच्या हिवाळ्यात जमुना आजारी पडली. अमरावतीच्या दवाखान्यात ती होती तेव्हा मी तिच्या खाटेशी होतो. माझ्यात मऊ भात असायचा. तो तिला जात नसे. एका दुपारी तिने चंद्रभानला विमानतळावरचं सगळं सांगितलं. तोवर त्याला काहीच माहीत नव्हतं.

"अवो, पोरगं नाई म्हने," ती म्हणाली. "माहं नाव वाचून दाखोलं त्या मानसानं, तरी नाई म्हने. पन तुमी त्याले काई म्हनू नका. कबूल करा."

चंद्रभानने माझं झाकण लावलं. मग म्हणाला, "हाव. काई म्हनत नाई."

ती गेली. मी घरी फळीवर गेलो. चंद्रभानने मला घासू दिलं नाही. कामाला येणारी गंगूबाई म्हणाली, "बाप्पा, किती काळा पडला हा डबा, आना घासते." तो म्हणाला, "राहू दे. नाव झिजते." कधी कधी तो येऊन झाकणावर अंगठा फिरवायचा. मला वाटलं, म्हाताऱ्याला राग येत नाही. म्हणून सूड मलाच घ्यावा लागणार, असं मी ठरवलं.

कसा घेणार? मित्रांनो, पितळी भांड्याला आतून कल्हई लागते. कल्हई उडाली आणि आंबट काही ठेवलं की ते कळकतं, हिरवं पडतं. खाणाऱ्याला ओकाऱ्या होतात. माझी कल्हई उडत आली होती. मी वाट बघत होतो. एकदा तरी अंकुर माझ्यात हात घालील, एकदा तरी लिंबाचं लोणचं खाईल. हे मुलांना सांगू नये असं कोणी म्हणेल. पण मी काय विचार केला ते खोटं कसं सांगू?

वर्ष झालं. अंकुर घरी आला. म्हणाला, "बाबा, तुमी एकटे बसून राहता. म्हैसूरले चला आमच्यासंग. विमानानं बंगळूर, तिथून गाडीनं."

चंद्रभान म्हणाला, "येतो. पन खायचं मी घरून घेईन."

"घ्या ना. मंग काय झालं."

"त्या डब्यात."

अंकुरने फळीकडे बघितलं. "हाव. घ्या."

दुसऱ्या दिवशी चंद्रभान मला घेऊन वरूडच्या बाजारात कल्हईवाल्याकडे गेला आणि मला आतून चांदीसारखं पांढरं करून आणलं. माझं हत्यारच गेलं. मी मनात म्हाताऱ्याला खूप शिव्या दिल्या.

मग तो स्वतः दशम्या करायला बसला. जन्मात त्याने कणीक मळली नव्हती. पहिल्या जळाल्या, पुढच्या कच्च्या राहिल्या, शेवटी काही जमल्या. ठेचा गंगूबाईने करून दिला. सगळ्यात जळकी त्याने टाकली नाही. ती तळाशी ठेवली. मग तो कुऱ्हाडीचा दांडा घेऊन बागेत गेला आणि खोकं फोडून खिळे घेऊन आला. एक वरच्या दशमीवर ठेवला. क्षणभर विचार करून दुसरा ठेवला. तेव्हा मला कळलं की म्हाताऱ्याच्या मनात काही आहे.

विमानतळावर तो अंकुरला म्हणाला, "माहा हात दुखून राहिला. डबा तुह्या बॅगीत ठेव."

अंकुरने ठेवला. चंद्रभान सगळ्यांच्या पुढे जाऊन तपासणीतून पलीकडे गेला आणि सावकाश पट्टा बांधत उभा राहिला.

बॅग यंत्रातून गेली आणि अडली. जवान दुसरा होता, पण काम तेच. त्याने मला बाहेर काढलं, वर धरलं. "ये डिब्बा किसका है?"

अंकुरचा चेहरा पांढरा पडला. "बैग मेरा है. डिब्बा मेरे पिताजी का है. वो देखिए, उधर खड़े हैं."

जवानाने चंद्रभानला विचारलं, "बाबाजी, ये आपका बेटा है?"

चंद्रभानने अंकुरकडे नीट बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत. मग म्हणाला, "नहीं साहब. अपन नहीं पहचानते इसको."

"बाबा!" आकांक्षा ओरडली. "साहब, ये मेरे ससुर हैं, मज़ाक कर रहे हैं."

"यहाँ मज़ाक मत कीजिए," जवान कडक आवाजात म्हणाला.

"मज़ाक नहीं साहब," चंद्रभान म्हणाला. "उसी को पूछो. डब्बे पे नाम लिखा है, वो पढ़ के पूछो."

जवानाने झाकण काढलं. खिळे बघून त्याच्या कपाळावर आठी आली. त्याने नाव वाचलं. "जमुना कौन है?"

मागे मोठी रांग होती. मी अंकुरच्या अगदी समोर होतो. त्याला सगळं आठवलं, हे मी बघितलं. आपण "हमारा नहीं है" म्हणालो तेव्हा आई पडद्याच्या अलीकडे होती की पलीकडे, एवढंच त्याला आजवर माहीत नव्हतं. बाप हे विचारायला लावतो म्हणजे तिने ऐकलं होतं, हे त्याला आत्ता कळलं. मित्रांनो, कल्हई उडालेल्या डब्यातलं लोणचं खाऊनही माणूस इतका हिरवा पडत नाही. मला फार बरं वाटलं.

"मेरी माँ है," तो म्हणाला.

"ज़ोर से बोलिए."

"माँ है मेरी. जमुना. ये उसका डिब्बा है. वो नहीं रही. ये कील नज़र न लगे इसलिए रखते हैं. वो रखती थी."

जवानाने खिळे काढून घेतले, झाकण लावलं आणि मला अंकुरच्या हातात हळूच दिलं.

आकांक्षा काही न कळून दोघांकडे बघत राहिली. अंकुर बापापाशी आला. "बाबा, तुमाले मायनं सांगतलं?"

"तिनं मले कबूल करून घेतलं होतं, त्याले काई म्हनू नका म्हनून," चंद्रभान म्हणाला. "मी तुले काई म्हनलं का? मी तं साहेबाले म्हनलं."

विमानात मी चंद्रभानच्या मांडीवर होतो. त्याने मला उघडलं. आकांक्षाला दशमी दिली. खिडकीशी बसलेल्या अनोळखी बाईला दिली. "घ्या बाई, घरचं हाय." स्वतः घेतली. मधल्या वाटेपलीकडे बसलेल्या अंकुरला दिली नाही. अंकुरने हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो बघितला आणि ठेचा आकांक्षाला वाढला. हात तसाच राहिला. मला वाटत होतं, सबंध प्रवास तो तसाच राहावा.

तेवढ्यात एक हवाई सुंदरी आली. मला मांडीवरून वाटेकडे सरकलेलं पाहून तिने विचारलं, "एक्सक्यूज़ मी, ये डिब्बा किसका है? इसे सीट के नीचे रखना होगा."

चंद्रभान समोर बघत दशमी चावत राहिला.

"माहा हाय!" अंकुर म्हणाला. त्या मुलीला ते कळलं नाही, पण पुढच्या चार ओळींनी मागे वळून बघितलं. तो उठून उभा राहिला होता आणि त्याचा हात वर होता. "माहा हाय. जमुनाचा डबा माहा हाय."

त्याचा आवाज अमरावतीच्या स्टँडवरच्यासारखा नव्हता. जाड झाला होता आणि फाटला होता.

चंद्रभानने माझ्या तळाशी हात घातला. ती जळकी दशमी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. अंकुरने ती सगळी खाल्ली. काळा भागही टाकला नाही. खाताना त्याचे डोळे वाहत होते. ते ठेच्याने नव्हतं, कारण ठेचा त्याला मिळालाच नव्हता.

मित्रांनो, मी त्याला माफ केलं का? नाही. ज्या कानांनी ते "माहा हाय" ऐकायला हवं होतं, ते कान आता नाहीत. मी अजून फळीवर आहे. माझी कल्हई चांगली आहे, पण ती काही कायम टिकत नाही.

तुमच्या घरीही एखाद्या डब्यावर, पातेल्यावर कोणाचं तरी नाव कोरलेलं असेल. ते शोधा आणि अंगठा फिरवून वाचा. आणि कधी चार लोकांत कोणी विचारलं, हे कोणाचं आहे, तर लगेच हात वर करा. ती बाई पडद्यातून बाहेर येण्याच्या आत.