पुलाचं वर्ष

मला सगळे नकाशेबाई म्हणतात. समोर तरी तसं म्हणतात, मागे काय म्हणतात ते मी विचारत नाही. जिल्ह्याचे जुने नकाशे ज्या खोलीत ठेवलेत ती खोली माझ्या ताब्यात आहे, आणि नाकावर राग ठेवल्याशिवाय ती सांभाळता येत नाही. लोक थुंकी लावून कागद उलटतात. 'हे आमचं घर' म्हणत पेनाचं टोक टेकवतात. एकाने तर चहाचा कप नदीवर ठेवला होता. नदी आहे म्हणून काय झालं?

त्यात आमच्या साहेबांच्या डोक्यात किडा वळवळला. महिन्यातून एका शनिवारी खोली सगळ्यांना उघडी, आणि दारावर पाटी: आपलं गाव जुन्या नकाशात शोधा. साहेब स्वतः शनिवारी घरी, निस्तरायला मी. माणसं येतात, आपलं घर म्हणजे एक काळा ठिपका आहे हे बघून हिरमुसतात. अहो, इंचाला एक मैल, त्यात तुमची गच्ची कुठून दिसणार? पण थोड्या वेळाने रमतात. हल्ली गोदामं आहेत तिथे फळबाग होती, शाळा तळ्याच्या काठी होती, आताचा डांबरी रस्ता जी टेकडी चिरून जातो तिला पूर्वी पायवाट वळसा घालून जायची. 'बघ, मी म्हणत नव्हतो?' म्हणून एकमेकांना कोपराने ढोसतात. खरं सांगते, मला ते आवडतं. साहेबांना सांगू नका.

अशाच एका शनिवारी ती बाई आली. सत्तरीपार, अंगाने काटकुळी, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. सगळ्यांना पुढे जाऊ देत ती भिंतीशी उभी राहिली. गर्दी ओसरली तेव्हा मीच म्हटलं, मावशी, तुमचं घर कुठलं, शोधू या. तर म्हणाली, घर नको, मला पूल बघायचाय. नदीचं आणि गावाचं नाव तिने सांगितलं, महिन्यासकट एक साल सांगितलं, आणि विचारलं, त्या वर्षी तो पूल होता का?

असं नेमकं विचारणारं माणूस विरळा. मला हुरूप आला. खण ओढला, त्या भागाचा कागद काढून टेबलावर पसरला. खाली छापल्याचं साल होतं, तिने सांगितलेल्या सालाच्या आदल्या वर्षीचं. नदीवर आडव्या दोन बारीक रेघा, म्हणजे पूल. मी भिंग तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, आहे की, हा बघा, ठसठशीत. एवढ्यावर थांबायचं ना? नाही. नकाशावरून फिरवायचं आमचं छोटं चाक असतं, वाट किती लांब ते त्याच्यावर कळतं. ते घेऊन मी दाखवलं: तुमच्या वस्तीवरून पलीकडच्या गावात पुलावरून गेलं तर हे एवढंसं, आणि वरच्या बंधाऱ्यावरून नदी ओलांडली तर चौपट. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

ती खुर्चीत बसली. भिंग हळूच टेबलावर ठेवलं. "म्हणजे दादाचं खरं आहे," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं, आणि मी ऐकलं. ती सात वर्षांची होती. वडील कामावर बाहेरगावी. आई बाळंत व्हायची होती, दिवस भरायच्या आत दुखायला लागलं, आणि घरात ही एकटी. आईने सांगितलं, पलीकडच्या गावातून नर्सबाईंना घेऊन ये. ही बंधाऱ्यावरून गेली. नर्सबाईंना घेऊन परत आली तोवर सगळं संपलं होतं. आई गेली, बाळही गेलं. हिला त्याच आठवड्यात आत्याने आपल्या घरी नेलं. मोठा भाऊ, म्हणजे दादा, तेव्हा दोन वर्षांपासून दूर शहरात मामाकडे सुतारकाम शिकत होता. त्याला पत्राने कळलं. वर्षभराने वडील दोघांनाही घेऊन घर आवरायला गेले. गाडीतून उतरून पुलावरून चालताना वडील सामानासकट पुढे होते, आणि दादाने हिला विचारलं, एवढा जवळ पूल असताना तू बंधाऱ्यावरून का गेलीस?

तो प्रश्न तिथेच मिटला असता तर गोष्ट वेगळी. पण दादाचा आईवर फार जीव. पोरकेपणाचा राग कुणावर काढायचा, तर तो हिच्यावर निघाला. हिच्या लग्नात तो बोलला, हिच्या मुलाच्या बारशात बोलला. वडील मूग गिळून बसायचे, आईचं नाव निघालं की उठून बाहेर जायचे. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि तेही लवकर गेले. आता दादा पंचाऐंशीचा आहे. तिच्याकडे येतो, जेवतो, आणि उठताना म्हणतो, तू पुलावरून गेली असतीस तर.

मी विचारलं, पण तुम्हाला आठवतं का, का नाही गेलात पुलावरून? ती म्हणाली, भीती वाटली असणार. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी दिसायचं ते आठवतं. सगळं आठवतं. तरी एकदा वाटलं, कागदावर बघावं, कोण जाणे.

मी, तुम्ही लहान होता, असं काहीतरी पुटपुटले. तिने माझे आभार मानले, वर्गणीच्या पेटीशेजारच्या वहीत नाव आणि फोन लिहिला, आणि गेली. मला स्वतःच्या तोंडाचा इतका राग फार दिवसांत आला नव्हता.

कागद परत ठेवताना माझी नजर खालच्या समासात गेली. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी ओरडून सांगते: आधी समास वाचा, मग नकाशा. छापल्याचं साल वेगळं, मोजणीचं वेगळं; नकाशा जुन्या मोजणीचा असतो आणि वर नव्या गोष्टी ऑफिसात बसून भरलेल्या असतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: रस्ते व पूल बांधकाम खात्याच्या आराखड्यांवरून, जागेवर तपासणी नाही.

पूल नकाशावर होता, कारण तो बांधायचं ठरलं होतं. बांधला होता की नाही, हे त्या कागदाला माहीतच नव्हतं.

आता एवढ्यावर फोन करणं म्हणजे तिला पुन्हा टांगून ठेवणं. रविवार कसा काढला ते मला विचारू नका. नवऱ्याने दोनदा विचारलं, भाजीत मीठ का नाही. सोमवारी मागचं कपाट उघडलं. पुढच्या आवृत्तीसाठी मोजणीचं पथक प्रत्यक्ष गावोगाव फिरलं होतं, त्यांनी जागेवर उभं राहून हाताने काढलेले मोठे कागद तिथे असतात. धुळीने शिंकून शिंकून जीव गेला. साहेब डोकावले, काय शोधताय म्हणाले, मी म्हटलं पूल, ते निघून गेले. दुपारी तो कागद सापडला.

मी फोन केला. तिने माझं ऐकूनच घेतलं नाही. म्हणाली, फोनवर नको, दादाला घेऊन येते, जे असेल ते त्याच्यासमोर सांगा.

दादा म्हणजे उंच, वाकलेला, ऐकायला कमी, आणि माझ्यापेक्षा तिखट. आल्याआल्या काठी टेबलावर ठेवली. मी ती उचलून कोपऱ्यात उभी केली. त्याने माझ्याकडे रोखून बघितलं, मीही बघितलं. आमची ओळख झाली. मावशी त्याच्यामागे, पर्स पोटाशी धरून.

मी आधी माझी चूक सांगितली, समास दाखवला. दादा म्हणाला, नकाशे काय, कुणीही काढतं. मग मी हाताने काढलेला कागद त्याच्यापुढे ठेवला आणि कोपऱ्यातली तारीख मोठ्याने वाचली. त्यांची आई गेली त्यानंतर पाच महिन्यांनी मोजणीदार त्या नदीच्या काठावर उभा होता.

जन्मभर घरांची छपरं आणि जिने बांधलेला माणूस तो, त्याला रेघा वाचून दाखवाव्या लागल्या नाहीत. भिंग घेऊन तो वाकला. अलीकडचा रस्ता नदीपर्यंत येऊन थांबला होता. पलीकडचा पलीकडे थांबला होता. मध्ये पाण्यात चार चौकोन, आणि शेजारी मोजणीदाराच्या अक्षरात दोन शब्द: काम चालू.

"नुसते खांब आहेत," तो म्हणाला. "वर काहीच नाही."

त्याचं बोट त्या चौकोनांवरून फिरत होतं. एरवी मी कुणाला असं बोट लावू देत नाही. मग तो हळूहळू बोलायला लागला, आमच्याशी नाही, स्वतःशीच. म्हणाला, आम्ही बाबांबरोबर गेलो तेव्हा कठड्याचा रंग ओला होता. माझ्या नव्या शर्टाच्या बाहीला लागला होता. मामी ओरडली होती. रंग ओला होता म्हणजे पूल नवाच होता. मी सुतार माणूस, मला हे कसं कळलं नाही?

मावशी उभीच होती. तिचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं, हिला पाणी द्यावं. "पण मला आठवतं ना," ती म्हणाली. "मी पुलाशी आले, फटींतून पाणी बघून घाबरले आणि मागे फिरले. मला आठवतं, दादा."

"ते माझ्याबरोबर आलीस तेव्हाचं," दादा म्हणाला. "माझा हात धरला होतास. तुझ्या डोक्यात मी भरवलं सगळं."

मला रडू आलं. लपवण्यात काय अर्थ आहे, आलं. सात वर्षांच्या पोरीने आपल्या डोळ्यांनी पाहिलेली नदी पुसून टाकली आणि भावाने सांगितलेला पूल तिथे बांधून घेतला, भावाचं खोटं पडू नये म्हणून. आणि त्यानेही खोटं सांगितलं नव्हतं. त्याने पाहिला तेव्हा पूल होताच.

दादाने खुर्ची ओढली आणि बहिणीला तिच्यात बसवलं. स्वतः शेजारी टेबलाला धरून उभा राहिला. मग त्याने कागदावर बंधारा शोधला, तिथे बोट ठेवलं, आणि त्यांच्या वस्तीपासून बंधाऱ्यापर्यंत, बंधाऱ्यावरून पलीकडे, तिथून पलीकडच्या गावापर्यंत ते बोट सावकाश नेलं. वाटेत एक ओढा होता, नंतर चढ होता.

"खूप लांब होतं का गं?" त्याने विचारलं.

तिने पर्स मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदाच हात मोकळे सोडले.

"लांब होतं रे दादा," ती म्हणाली. "पण मी सगळी वाट पळत गेले होते."