दांड्याला बांधलेला भंडारा

साहेब, त्या गाडीची वाट शिवपुत्रनं नाही लावली. तुम्ही लावली. कशी, ते ऐका.

तुमच्या दवाखान्याची ती चारी चाकांनी ओढणारी जीप शिवपुत्र चालवायचा. लसीचे डबे घेऊन वाड्यावस्त्या पालथ्या घालायचा. कंत्राटी माणूस, तुमच्या एका फोनवर घरी बसणारा. एकदा टू-व्हीलवर, म्हणजे नुसत्या मागच्या दोन चाकांवर असताना तुमच्यासकट गाडी चिखलात रुतली, तुमचे बूट भरले आणि तुमचं फर्मान सुटलं, "आता गाडी फोर-व्हीलमधून काढायची नाही. काढलीस तर तूही निघालास!"

धसका घेतला गड्यानं. फोर-व्हीलचा गिअरजवळचा दांडा चुकून हलू नये म्हणून अणदूरच्या खंडोबाच्या भंडाऱ्याची पुरचुंडी केली आणि त्याच फडक्यानं दांडा करकचून बांधून टाकला. हुकूम तुमचा, राखण देवाची.

मग डांबरी रस्त्यावर गाडी घरघरायला लागली. वळणावर तर खालून कुणी घण घालतंय असा ठोका. नळदुर्गच्या महेबूबभाईनं पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं. आवाज जसाच्या तसा. तुम्ही फोनवर निकाल देऊन मोकळे, "ड्रायव्हरनं गाडी आपटली. मेकॅनिक तसंच सांगेल. उद्यापासून दुसरा माणूस येतोय."

"भाई, तसं सांगणार का तुम्ही?" शिवपुत्रनं विचारलं.

"पैलं आवाज तर गावू दे. दांडा टू-व्हीलला घे."

"भंडारा बांधलाय."

"म्हणून तर म्या हात लावला न्हाय, बाबा. देव तुझा, लफडं माझ्या गळ्यात. तूच सोड."

शिवपुत्रनं कपाळाला हात लावून गाठ सोडली. दांडा निघेना. महेबूबनं गाडी जरा मागं घ्यायला लावली. खाली ठण्णकन वाजलं आणि दांडा सुटला. त्याच वळणावरून गाडी पुन्हा नेली. ठोका नाही, घरघर नाही. महेबूबनं खाली शिरून पुढचा शाफ्ट हातानं हलवला. खळखळ वाजला.

"शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेला. सुक्या डांबरावर फोर-व्हील लावून पळवतोस, येड्या? चौघा भावांचे पाय एकाच पायजम्यात घालून वळवल्यावर काय व्हनार?"

शिवपुत्र हसला नाही. आवाज सापडला होता, पण बोटं पिवळी झालेली. गाठ त्याचीच होती.

तेवढ्यात तुमचा फोन आला. "काय मेकॅनिक, ड्रायव्हरनंच मोडली ना?"

महेबूबच्या दारात तुमच्या खात्याच्या आणखी गाड्या उभ्या. "साब... त्याचं असंय..." त्याची मान खाली गेली.

शिवपुत्रनं त्याच्या हातातला फोन ओढून घेतला.

"गाठ म्या बांधली, साहेब. व्हय, म्याच. पर गाडी फोर-व्हीलमधनं काढू नको म्हणून कुणी दम दिला हुता? फोन ठिवू नका. तुमचं तोंड चिखलात न्हाय रुतलेलं. बोला, कुणी दिला हुता?"