खटक्यावरचा शेंदूर

रविवारी सकाळी ठाण्याच्या बाळकुममध्ये सहाव्या मजल्यावरच्या घरात टूथब्रशवरून वाद चालला होता.

"अहो, माझा ब्रश कुठाय?" मंदाकिनीबाईंनी बाथरूममधून विचारलं.

"जुना झाला होता," त्र्यंबकराव जेवणाच्या टेबलावरून म्हणाले.

"महिन्यापूर्वी आणलाय!"

"केस आडवे झालेत. दातांना निरुपयोगी. खटक्यांना उत्तम."

टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर त्यांनी सात ब्रश ओळीने मांडले होते. शेजारी थिनरची बाटली आणि बावीस दरवाज्यांची यादी. मैथिली समोर बसून उपमा खात होती. ती पलीकडच्या विंगमध्ये एकटी राहायची, ठाण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि रविवारचा नाश्ता आईवडिलांकडे करायची. सातातला हिरवा ब्रश आपण इथे ठेवलेला आहे हे तिच्या लक्षात आलं होतं. ती काही बोलली नाही. त्या घरात आईच तेवढी बोलायची.

त्र्यंबकराव अडतीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये एकच वस्तू बनवत आले होते. कोल्ड स्टोरेजला, भट्टीला, मोठ्या गोदामांना वर-खाली सरकणारे जड लोखंडी दरवाजे असतात. असा दरवाजा वायररोपावर टांगलेला असतो. रोप आज ना उद्या झिजतो, आणि तुटला की सातआठशे किलोचा दरवाजा खाली कोण आहे ते न बघता येतो. तसं होऊ नये म्हणून त्याच्या दोन्ही कडांना एकेक खटका बसवतात. रोप ताणलेला आहे तोवर खटका गप्प असतो. रोप सैल पडला की आतली स्प्रिंग सुटते, खटक्याचा दातेरी जबडा बाजूच्या पट्टीत रुततो आणि दरवाजा चार बोटांच्या आत जागच्या जागी थांबतो. आपला माल गिऱ्हाइकाच्या कधीच उपयोगी पडू नये अशी इच्छा बाळगणारे ठाणे जिल्ह्यातले आपण एकटेच कारखानदार, असं ते म्हणत.

त्यांची खरी अडचण होती खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कामगार यंत्रांची पूजा करतात. धुतात, तेल देतात, हळदकुंकू वाहतात, शेंदूर फासतात. जे यंत्र जिवाला जपतं त्याला तर चार बोटं जास्तच. आणि खटक्याच्या दातांत तेलशेंदूर भरला, जबड्याच्या खिळीत तो सुकून बसला, की खटका जागेवरून हलत नाही. 'पूजा करू नका' असं त्र्यंबकरावांनी कोणाला कधी सांगितलं नाही. माणसांच्या श्रद्धेत आपण पडू नये, असं त्यांचं मत. ते दसरा उलटू देत, मग त्यांचा जुना मेकॅनिक मॉरिस याला घेऊन बावीस दरवाज्यांची फेरी करत, आणि जेवणाच्या सुट्टीत कामगारांना गोष्टींत गुंतवून गुपचूप सगळे खटके घासून काढत.

"यंदा येतेस फेरीला?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न दर वर्षी यायचा.

"कॉलेज आहे, बाबा."

"हं. तुला त्याचा कंटाळा."

मैथिलीने उपमा संपवला. तिला कंटाळा नव्हता. ती सहावीत असताना बाबा तिला शेडवर घेऊन गेले होते. दरवाजा ताब्यात देण्याआधी ते गिऱ्हाइकासमोर स्वतः त्याच्याखाली उभे राहत आणि मॉरिस वरून रोप सोडून देत असे. तिने ते पाहिलं. दरवाजा सुटला, मोठा आवाज झाला आणि बाबांच्या डोक्यावर वीतभर अंतरावर तो थांबला. बाबा हसले. गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या. मैथिली घरी आली, आईने 'कसं वाटलं' विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कंटाळा आला." पुन्हा ती शेडवर गेली नाही. बाबा मात्र प्रत्येक नव्या दरवाज्याखाली, आणि फेरीत प्रत्येक जुन्या दरवाज्याखालीही, उभे राहत गेले. ते बाहेरगावी कामाला गेले की संध्याकाळी त्यांच्या चपलांचा आवाज येईपर्यंत ती एकच पान वाचत बसायची. हे तिने कोणाला सांगितलं नाही. 'कंटाळा' हे उत्तर एकतीस वर्षं न कुरकुरता चाललं होतं.

त्र्यंबकरावांनी कल्याणच्या दरवाज्यापुढे लाल पेनने टिपलं: 'रोपच्या तारा तुटू लागल्यात. नवा आणलाय. दसरा झाल्याबरोबर बदलणे. आधी खटके.' मग चष्मा पुसला आणि दुपारी झोपले.

सोमवारी सकाळी सोसायटीच्या लिफ्टची देखभाल चालू होती. लिफ्ट सुरू होईपर्यंत ते लॉबीत खुर्चीवर बसले. वीस मिनिटांनी लिफ्ट सुरू झाली तेव्हा वॉचमनने त्यांना हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही.

पुढचे बारा दिवस माणसं भेटायला येत होती. बावीस दरवाजे इतक्या लोकांना माहीत असतील असं मैथिलीला वाटलं नव्हतं.

"दरवाजा पडला का गं?" येणारे दबक्या आवाजात विचारत.

"नाही. खुर्चीत बसले होते."

"खुर्चीत?"

"प्लॅस्टिकच्या."

लोकांची जराशी निराशा होई. मग ते चहा घेत.

दु:खाविषयी लिहिलेली अकरा पुस्तकं तिच्या ग्रंथालयात होती. त्यातली नऊ तिने आधीच वाचली होती, उरलेली दोन त्या दिवसांत वाचली. एकातही प्लॅस्टिकच्या खुर्चीबद्दल काही नव्हतं. नवरात्र आलं, खंडेनवमी झाली, दसरा झाला. सुतक असल्यामुळे घरात कोणी लक्ष दिलं नाही.

तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मॉरिसचा फोन आला.

"बाय, दरवाजे ऱ्हायले."

"कुठले?"

"सगले. पूजा झाली ना सगलीकडं. कल्यानचा रोप पन तसाच हाय, त्या शेठनं चालूच ठेवलाय. मी एकटा जाईन, पन घासायला दोन मानसं लागतात. एक घासतो, एक गोष्टी सांगून लोकांना लांब ठेवतो. सायेब घासायचे."

"मग मी काय करू?"

"तू घास. गोष्टी तुला नाय जमायच्या."

मैथिलीने रजेचा अर्ज टाकला. कारण लिहायच्या जागी तिने 'घरगुती' लिहिलं. टेबलाच्या खणातले सात ब्रश उचलले, माजिवड्याला उड्डाणपुलाखाली उभ्या असलेल्या मॉरिसला आणि त्याच्या वायररोपच्या गुंडाळीला गाडीत घेतलं, आणि दोघं भिवंडी बायपासने कल्याणकडे निघाली. मॉरिस पासष्टीचा होता. टोपी मांडीवर ठेवून तो बसला, आणि दुर्गाडीच्या पुलावर फक्त एवढंच म्हणाला, "सायेब इथं एकदा तरी बोलायचे, का खाडीच्या पान्याला वास येतो."

"येतो," मैथिली म्हणाली.

बाजार समितीच्या मागच्या बाजूला ते सफरचंदांचं कोल्ड स्टोरेज होतं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. दरवाजा पुरुषभर उंच उचलून ठेवलेला, आतून गार वारा येत होता, आणि बरोबर त्याच्याखाली, उंबऱ्यावर, चार माणसं डबे उघडून जेवत बसली होती. तीन हमाल आणि फळं निवडणारी मालन.

मैथिलीने वर पाहिलं. रोप ज्यावर गुंडाळला जातो त्या ड्रमपाशी त्याला केसांसारखे तुटक्या तारांचे पुंजके आले होते.

"इथून उठता का जरा?" ती म्हणाली.

"बसा की ताई तुम्हीबी," मालन सरकून म्हणाली. "इथं लय गार लागतं. अख्ख्या मार्केटात अशी जागा नाही."

"उठा, बाई. आत्ता. डबा नंतर आवरा."

तिचा आवाज ग्रंथालयातला होता, बारीक पण माणसं हलवणारा. चौघं उठली. कोल्ड स्टोरेजचा व्यवस्थापक रत्नदीप केबिनमधून धावत आला.

"मॅडम, फार वाईट झालं. साहेब म्हणजे आमच्या घरचेच. दरवाज्याखालीच गेले का?"

"खुर्चीत. हा रोप तुम्ही चालू कसा ठेवलात?"

"अहो, सीझन आहे. आणि साहेबांचे खटके आहेत ना! खटक्यांच्या भरवशावरच."

भरवसा दोन्ही बाजूंना चकाकत होता. डाव्या-उजव्या दोन्ही खटक्यांवर लालभडक, जाड, गुळगुळीत थर होता, त्यावर झेंडूची सुकलेली माळ. मैथिलीने नखाने खरवडून पाहिलं. शेंदूर नव्हता.

"ऑइलपेंट हाय," मालन अभिमानाने म्हणाली. "दोन हात मारलेत. गेल्या साली मी एवढा शेंदूर लावलेला, चार दिवसांत समदा गेला. त्याच्या आदल्या सालीबी गेला. म्हटलं देवाला ऱ्हात नाही असं कसं? म्हणून यंदा पक्का रंग लावला. आता बघा कसा टिकतो!"

मॉरिसने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"तो गेला नव्हता," मैथिली म्हणाली. "माझे वडील पुसायचे. दर वर्षी. मॉरिसकाका तुम्हाला गोष्टी सांगत असत तेव्हा."

"पुसायचे? का वो?"

"दाखवते."

मॉरिसने दरवाजा गुडघ्याइतका खाली घेतला, रोपच्या वरच्या टोकाला आपला सुटणारा हुक बसवला आणि हुकाची लांब दोरी हातात धरली. मैथिलीने रत्नदीपला विचारून सफरचंदांची एक पेटी उंबऱ्यावर ठेवली. सगळ्यांना दहा पावलं मागे केलं. मॉरिसने दोरी ओढली.

डावा खटका किंचित थरथरला. उजवा तेवढाही नाही. दरवाजा आला. फूटभर उंचीची पेटी तीन बोटांची झाली, आणि सफरचंदाचा रस हमालांच्या चपलांपर्यंत पोहोचला.

मग एक हमाल म्हणाला, "मायला, मी त्याच जागेवर बसलेलो."

"तू नाय रे, मी," दुसरा म्हणाला. "तू खांबाकडं."

मालन पेटीकडे बघत होती. "ताई," ती म्हणाली, "हे मी केलं?"

'नाही हो' हे उत्तर मैथिलीच्या तोंडाशी तयार होतं. तसली उत्तरं तिच्याकडे नेहमी तयार असत.

"रंग तुम्ही लावलात," ती म्हणाली. "पण आपण तो का पुसतो ते बाबांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही लावला नसता."

"कशाला लावला असता? मी काय येडी हाय? एक शब्द बोलायचा ना मानसानं!"

"हो."

"एवढा हुशार मानूस, आन दर साली चोरून पुसतो!" मालनने पदर खोचला. "द्या तो बुरूस इकडं."

दोघींनी एकेक खटका घेतला. दोन तास लागले. थिनरने मैथिलीच्या डोळ्यांना पाणी येत होतं, आणि त्याला तसं कारण असल्यामुळे तिने ते येऊ दिलं. दातांच्या फटीत हिरवा ब्रश उत्तम चालला. माळ कुठे घालायची, असं मालनने विचारलं. ड्रमच्या वरच्या खिळ्याला अडकवा, तिथे काही हलत नाही, असं मॉरिसने सांगितलं. मग त्याने जुना रोप उतरवून नवा चढवला, दरवाजा गुडघ्याइतका उचलला, खाली दुसरी पेटी ठेवली आणि दोरी ओढली. खाडकन आवाज झाला. दोन्ही जबडे पट्टीत रुतले. दरवाजा दोन बोटं उतरून थांबला. पेटी शाबूत राहिली.

"झालं," मैथिली म्हणाली आणि हात पुसले.

"एवढ्यावर नाही होत मॅडम," रत्नदीप अवघडून म्हणाला. "साहेब पूर्ण उंचीवरून सोडायचे. आणि स्वतः खाली उभे राहायचे. आज पोरांनी पेटी बघितलीय. आता खाली कोणी उभं राहून दाखवल्याशिवाय हे लोक आत जाणार नाहीत."

"नाय जाणार," खांबाकडचा हमाल म्हणाला.

मॉरिसने दरवाजा पुरुषभर उंच चढवला, हुक अडकवला, दोरीचं टोक मैथिलीच्या हातात दिलं आणि टोपी बगलेत मारून उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. बरोबर मध्यावर, हात मागे बांधून.

"वड, बाय," तो म्हणाला. "दोन बोटांवर थांबतो. तू बघितलं ना आताच."

मैथिलीने बघितलं होतं. दरवाजा थांबणार होता हेही तिला माहीत होतं. त्या सहावीतल्या दुपारीही तो थांबलाच होता.

"बाहेर या, मॉरिसकाका."

"अगं, तीस वरसं सायेब हितंच..."

"बाहेर या. पेटी ठेवा. पेटी वाचली की माणूसही वाचतो, ज्याला पटत नाही त्याने आज आत जाऊ नये."

मॉरिस जागचा हलला नाही. "सायबांचा नेम व्हता, बाय. तू आता लहान नाय. तुला कंटाला, म्हनून तू कधी आली नाय, पन नेम व्हता."

सगळे ऐकत होते. मालन, रत्नदीप, तिन्ही हमाल. मैथिलीने दोरी मनगटाला गुंडाळली होती ती सोडवली, म्हणजे चुकून ओढली जाऊ नये. मॉरिस बाहेर आला, आणि त्याने ती शाबूत पेटी दरवाज्याखाली सरकवली. उंबऱ्यावर आता पेटी होती आणि तिच्याभोवती बरीच मोकळी जागा.

"मला कंटाळा नव्हता," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, पण तिने तो खाली आणला नाही. "मला भीती वाटायची. ते बाहेर गेले की घरी येईपर्यंत वाटायची. एकतीस वर्षं. मी एकदा जरी म्हटलं असतं ना, तर ते उभे राहिले नसते. हसले असते, पण राहिले नसते."

मग ती मॉरिसकडे न बघता दरवाज्याखालच्या त्या मोकळ्या जागेकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली, "तिथून बाजूला व्हा. मला भीती वाटते."