पुढची सीट

गनीभाईंनी डिकीत आधी फोमचा तुकडा अंथरला, त्यावर लॅपटॉपची बॅग आडवी ठेवली आणि वरून जुन्या सीट कव्हरची घडी पसरून दिली. झाकण लावण्यापूर्वी त्यांनी मागे वळून गल्ली न्याहाळली. गल्लीत एक शेळी होती. तिला लॅपटॉपमध्ये काही रस दिसला नाही.

खांद्याने कानाशी दाबलेल्या फोनमधून इन्शाच्या सूचना चालूच होत्या.

“अब्बा, पूर्ण बंद केलाय ना? नुसतं झाकण मिटून चालत नाही. आतून चालू राहतो, तापतो.”

“केलाय. तू सांगितलं तसाच.”

“वाटेत चहाला थांबलात तर डिकी उघडू नका. लोकांचं लक्ष असतं. गाडी उन्हात सोडून जाऊ नका. आणि पुढच्या सीटवर तर मुळीच ठेवू नका. ब्रेक मारला की थेट खाली.”

“व्हय गं बाई. तान्हं लेकरू आनावं तसा आनतो.”

इन्शा त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेल्यावर ती हैदराबादची नोकरी या लॅपटॉपमध्ये घालून शेवगावला आली होती आणि पुढच्या खोलीत बसून दिवसभर इंग्रजीत बोलत होती. आता कंपनीने परत बोलावलं होतं. काल ती कोपरगावला शबनमखालाकडे, म्हणजे मावशीकडे, मुक्कामाला गेली. आज दुपारी शिर्डीहून विमान होतं. डबे, लोणचं, आईची शाल, सगळं आठवणीने घेतलं, आणि ज्याच्यावर पोट तो लॅपटॉप तेवढा टेबलावर राहिला.

तिच्या जिवाला घोर लागला होता. गनीभाईंना मात्र आतून बरं वाटत होतं. निरोप देऊन झालेली मुलगी पुन्हा एकदा बघायला मिळणार होती. शिवाय काल जे विचारायचं ओठांवर येऊन राहिलं, ते आज विचारता येणार होतं. आणखी थोडे दिवस घरूनच काम कर की, एवढंच. काल ती गेल्यावर त्यांनी टीव्ही मोठ्याने लावून दोन घास खाल्ले होते. तेवढ्यावरून पुढचे दिवस कसे जाणार याचा त्यांना अंदाज आला होता.

नेवाशाच्या पुढे रस्ता खणून ठेवलेला होता. गाडी एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात जात होती आणि प्रत्येक वेळी डिकीत काहीतरी धाडकन आपटत होतं. बहुधा जॅक असावा. पण बहुधावर भरवसा कोण ठेवणार? दोन्ही बाजूंना उसाखेरीज कुणी नाही असं पाहून त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बॅग बाहेर काढली. मागच्या सीटवर त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेलं नवं रेक्झिन होतं. त्यावर माणूस धड टिकत नसे, तिथे बॅगेचा काय पाड. थोडा वेळ ते बॅग छातीशी धरून उभे राहिले. मग त्यांनी ती पुढच्या सीटवर ठेवली आणि गाडी चालू केली.

टुंग, टुंग, टुंग.

गनीभाईंचा हात गिअरवरच राहिला.

त्या आवाजाचं कारण त्यांना चांगलं ठाऊक होतं. सीटवर वजन पडलं की गाडीला वाटतं माणूस बसलं, आणि पट्टा लावेपर्यंत ती ओरडत राहते. शेवगावात त्यांचं सीट कव्हरचं दुकान होतं. कव्हर शिवायला आलेलं गिऱ्हाईक हमखास म्हणे, चाचा, तेवढी कटकट बंद करा. मग ते खाचेत पट्ट्याचं नुसतं टोक बसवून देत. अर्ध्या तालुक्याच्या गाड्या त्यांनी अशा गप्प केल्या होत्या. स्वतःची तेवढी राहिली होती. दिव्याखाली अंधार.

त्यांची बायको जरीना त्यावरून त्यांना सोडत नसे. तिला पट्ट्याने गुदमरायला होई. ती लावत नसे आणि गाडी वाजत राही.

“गावाच्या गाड्या गप केल्या, माझीच तेवढी बोंबलती,” ती म्हणायची. थोड्या वेळाने आवाज आपोआप थांबला की काचेवर बोट वाजवून सांगायची, “दमली बगा.”

ती गेल्यापासून त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. इन्शासुद्धा न बोलता मागचं दार उघडायची. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

गनीभाईंनी पट्टा ओढला, बॅगेवरून घेऊन खाचेत बसवला. आवाज बंद झाला. बंद व्हायला नको होता, असं त्यांना वाटून गेलं.

राहात्याला त्यांनी पेरू घेतले. पेरू निवडायचं काम जरीनाचं. विकणारीशी भांडायचंही तिचंच. त्यांनी भाव न करता पिशवी भरून घेतली आणि शेजारच्या सीटच्या पायाशी ठेवली. तेवढ्यात फोन आला.

“लॅपटॉप कसाय?”

“बरा हाय. झोपलाय.”

इन्शा हसली. तेवढ्यावर पुढचा रस्ता सोपा गेला.

विमानतळाच्या दाराशी ती उभीच होती. त्यांनी बॅग हातात देताच तिने चेन उघडली, चारी कोपरे चाचपून पाहिले, मग चेन लावली.

“डिकीतच होता ना?”

“व्हय.”

तिचा तळवा बॅगेवर होता. बॅगेची एक बाजू उन्हाने चांगली तापली होती. इन्शाने त्यांच्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं, मग पुढच्या काचेकडे पाहिलं.

“पेरू आनलेत.” त्यांनी पिशवी पुढे केली.

“अब्बा, बॅगेत जागा कुठाय? आणि एकटी किती खाणार मी?” तरी तिने एक उचलून पर्समध्ये टाकला. “बाकीचे तुम्ही खा.”

“ह्या दातांनी?”

दोघंही हसले. मग हसणं संपलं. गनीभाईंनी घसा साफ केला.

“इन्शा, हे काम घरून बी चालतं नव्हं? आनखी थोडं दिवस राहिली असतीस तर... कंपनीला इचारून बग की.”

इन्शाने खाली मान घातली. बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला.

“कंपनीने बोलावलं नाही अब्बा. मीच येते म्हणून कळवलं.”

गनीभाईंनी पेरूंची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“घर लई गप्प झालंय. दिवसभर कानाला हेडफोन लावून बसायचे, तरी ते गप्पपण ऐकू यायचं. मला न्हाई सहन होत.” शहराने घासून पुसून काढलेली तिची बोली अचानक शेवगावची झाली. “तुमी रागावला का?”

तुला सहन होत नाही, मग मला होतं का, असं त्यांच्या मनात आलं. आज ती सीट वाजली, हेही सांगावंसं वाटलं. पण ती विमानाला निघाली होती.

“राग कशाचा? जा तू. सांभाळून ने त्याला.”

तिने त्यांना घट्ट धरलं. मग ती बॅग पोटाशी धरून आत गेली. काचेमागून एकदा हात केला, तो त्यांना दिसला.

गाडीत बसल्यावर गनीभाईंनी पेरूंची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. चावी फिरवली.

टुंग, टुंग, टुंग.

पट्ट्याला त्यांनी हात लावला नाही. फाटक मागे पडलं, माळ सुरू झाला, गाडीत पेरूंचा वास भरला. सीट कटकट करत राहिली आणि गनीभाई सरळ रस्त्याकडे बघत गाडी हाकत राहिले. मग आवाज आपोआप थांबला.

“दमली बगा,” ते म्हणाले.

एका बाभळीखाली त्यांनी गाडी उभी केली. पिशवी उचलून क्षणभर हातात धरली आणि पुन्हा सीटवर ठेवली.

टुंग, टुंग, टुंग.