चैत्र शुद्ध नवमीचा साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुनं पंचांग आहे, शके १९२४चं. वर्ष सरलं की पंचांगाला कोण विचारतं? पण मी अजून बोलतो, आणि गप्प बसायचा माझा विचार नाही.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका छापखान्यातला. तिथून टपालाने मी थेट कराचीला पोहोचलो. दचकलात ना? अहो, कराचीतही मराठी घरं आहेत, आणि त्या घरांत पाडव्याला पंचांग वाचलं जातं. पुरुषोत्तमबुवा हे तिथले कीर्तनकार. त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं, चैत्राचं पान सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग झोळीत टाळांशेजारी जागा दिली. काय सांगू त्यांच्या कीर्तनाची गोडी! बुवांनी आख्यान लावलं की समोरची माणसं डोळे पुसत पुसत हसायची. तिथे देव येऊन बसत असणारच, असं मला आजही वाटतं.

त्याच वर्षी रामनवमीला, ऐन रामजन्माच्या आधी, काही गुंड देवळात घुसले. "ही गाणी इथे बंद!" असं ओरडत त्यांनी बुवांचा हात मोडला. शेजारच्या मुसलमान डॉक्टरांनी बुवांना लपवून दवाखान्यात नेलं. पोलिसांनी मात्र तक्रार घेतली नाही; आवाज खाली ठेवायला सांगून घरी पाठवलं. धमक्या थांबल्या नाहीत. पुढच्या वर्षी कीर्तनाचं आमंत्रण आलं म्हणून बुवा अमेरिकेत, सनीव्हेलला आले, आणि तिथेच त्यांनी आश्रय मागितला. परत पाठवलं असतं तर कीर्तन तरी सुटलं असतं नाहीतर जीव तरी.

अर्ज भरून दिला अंकुरने. बुवा याच्याच घरी उतरले होते. हा कॉम्प्युटरच्या चिप्स डिझाइन करणारा इंजिनिअर, मनाने अगदी सोनं. बुवा म्हणाले, "गेल्या वर्षीची रामनवमी." अंकुरने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रामनवमी शोधली, अकरा एप्रिल, आणि साल तेवढं मागचं घातलं. झालं! ते कॅलेंडर २००३चं. २००२ची रामनवमी होती एकवीस एप्रिलला. अकरा तारखेला तर गुढीसुद्धा उभारली नव्हती! मी तिथेच झोळीत होतो हो. कुणी उघडलंच नाही.

दवाखान्याच्या कागदावर एकवीस, अर्जावर अकरा. इमिग्रेशन न्यायाधीशांनी विचारलं, "नक्की तारीख कोणती?"

"साहेब, रामनवमी," बुवा म्हणाले.

त्यांची वकील नीलांबरी हिने माझ्या चैत्राच्या पानाची प्रत इंग्रजी भाषांतर जोडून पुरावा म्हणून दिली. पण निकालात माझा उल्लेखसुद्धा नव्हता. अर्जदार खोटं बोलतो, अर्ज नामंजूर. अपील मंडळानेही दोन ओळींत तेच उचलून धरलं.

अंकुर रडकुंडीला आला. "बुवा, चूक माझी आहे यार. पण तुम्ही सरळ म्हणा ना, दिवस विसरलो. लोक विसरतात. मॅटर क्लोज!"

"अरे, तारीख विसरलो म्हणेन, ती माझी नव्हतीच. पण रामजन्म विसरलो म्हणू? मग मी कीर्तनकार कसला, पोपट झालो!"

नीलांबरी हसली. "काहीच म्हणायचं नाहीये, बुवा. वरचं कोर्ट नवीन काही ऐकत नाही. फक्त जुनी फाइल वाचतं. आणि फाइलमध्ये हे पान आहे."

२००७ साली आम्ही सगळे सॅन फ्रान्सिस्कोला, त्या वरच्या कोर्टात गेलो. ट्रेनमध्ये नीलांबरीने बजावलं, "तिथे तुम्ही एक शब्द बोलायचा नाही हं."

"मी तीन तास उभ्याने बोलणारा माणूस! खोकलो तर चालेल?"

समोर तीन न्यायाधीश बसले. सरकारी वकील म्हणाले, "यांना घरात, हळू आवाजात प्रार्थना करता आली असती." झोळीवरची बुवांची मूठ अशी आवळली की माझी पानं चुरगळली. मग सर्वांत वयस्कर न्यायाधीशबाईंनी विचारलं, "हा पंचांगाचा पुरावा. निकालात याचा विचार कोणत्या पानावर केलाय?"

वकिलांनी पानं पुढे चाळली, मागे चाळली. "उल्लेख नाही, युअर ऑनर."

"न वाचताच माणसाला खोटं ठरवलं?"

चुरगळलेला मी झोळीत ताठ झालो!

बाहेर पडताच बुवांचा बांध फुटला. "म्हणे हळू आवाजात! मनातल्या मनात कीर्तन केलं तर टाळ्या कोण देणार, माझा फेटा?"

काही आठवड्यांनी आदेश आला: नामंजुरी रद्द, पुरावा पाहून पुन्हा सुनावणी करा.

"म्हणजे जिंकलो?" बुवांनी विचारलं.

"अर्धं," अंकुर म्हणाला. "परत खालच्या कोर्टात जायचंय."

"पूर्वरंग झाला तर. आता उत्तररंग. मी उभा आहे!"

मित्रांनो, ती सुनावणी अजून व्हायची आहे. कुणी आपलं दुःख आपल्या देवाच्या दिवसावरून सांगत असेल, तर त्याला खोटं म्हणण्याआधी तो दिवस शोधा. एक पान उलटायचे तर कष्ट! या वेळी बुवा प्रतीबरोबर मलाही नेणार आहेत. कितीही वेळा विचारा, माझं उत्तर बदलणार नाही. चैत्र शुद्ध नवमी, रविवार, एकवीस एप्रिल.